अकिलिस (टाचेमागची शीर) तुटल्यावर परत केंडो, डाव्या टाचेवर भरवसा कधी बसतो? (बडोदा)

रावपुऱ्याची | ३ सप्टेंबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, इथे केंडोवर आधीचा धागा सापडला नाही म्हणून नवीन काढतेय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, केंडो म्हणजे जपानी तलवारबाजी, हातात बांबूची शिनाई, डोक्याला मेन, हातांना कोते, छातीला दो, कमरेला तारे असं सगळं चिलखत, आणि पाय मात्र अनवाणी. माझा प्रश्न पायाचाच आहे.

मी ४३ वर्षांची, बडोद्यातच शाळेत शिकवते. आम्ही सात-आठ जण आठवड्यातून दोन संध्याकाळी एका सोसायटीच्या हॉलमध्ये सराव करतो, खाली कोटा फरशी. जानेवारीत, उत्तरायण होऊन आठवडाही झाला नसेल, मेन (डोक्यावरचा वार) मारायला पुढे झेपावले आणि फाट्कन आवाज आला. सगळ्यांनी आपापली शिनाई बघितली, पट्टी तुटली वाटून. मी पण माझी बघितली, चारही पट्ट्या शाबूत. मग वाटलं मागून कोणीतरी पोटरीवर फटका मारला, वळून बघते तर मागे नुसती भिंत. पाऊल टाकायला गेले आणि टाच जागेवर नाहीच असं वाटलं, बोट लावून बघितलं तर टाचेच्या वर चार बोटांवर खड्डा.

पहिल्या डॉक्टरांनी मुरगळलंय सांगून क्रेप बँडेज बांधून पाठवलं. पाऊल थोडंफार खाली दाबता येत होतं म्हणून मलाही पटलं. नऊ दिवसांनी सूज उतरेना तेव्हा दुसरीकडे गेले, त्यांनी पालथं झोपवलं आणि पोटरी दाबली, उजवं पाऊल हललं आणि डावं मेल्यासारखं पडून राहिलं, तिथेच कळलं की अकिलिस टेंडन पूर्ण तुटलंय. ऑपरेशन, प्लास्टर, मग तो मोठा बूट, त्यात टाचेखाली पाचरी आणि ठरावीक दिवसांनी त्यातली एकेक काढायची.

आता सात महिने झाले. रोज कमाटीबागेत तीन-साडेतीन किलोमीटर चालते, जिना चढते, स्कूटर चालवते. सर्जन म्हणाले हळूहळू चालू करा. फिजिओ म्हणते अजून नाही. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या गावी निदानची, म्हणजे दुसऱ्या दानची, परीक्षा आहे, आपल्याकडे अशा परीक्षा वारंवार होत नाहीत, ही हुकली तर परत कधी देवाला माहीत. बोगू, म्हणजे ते चिलखत, तेव्हापासून कपाटावर आहे, परवा खाली काढला आणि नुसता वास घेऊन परत ठेवला. कोणी यातून गेलंय का? काय काय केलंत, कुठल्या क्रमाने?

---

नागोया_पुणे | ३ सप्टेंबर, रात्री ११:५५

ताई, मी गेलोय. माझं पण डावंच, २०१६ मध्ये, नागोयाला नोकरीत असताना. केंडोवाल्यांचं बहुतेक डावंच तुटतं कारण आपली सगळी झेप मागच्या डाव्या पायावरून असते, गुडघा जवळजवळ सरळ, टाच जराशी उचललेली, आणि तिथून एका क्षणात सगळं शरीर पुढे फेकायचं. दमल्यावर ती टाच नकळत खाली टेकते आणि टेकलेल्या टाचेवरून ढकललं की कंडरा आधी ताणली जाते आणि त्याच वेळी पोटरी आवळते. माझं तसंच झालं होतं, सरावाच्या शेवटी, किरिकाएशीत (पुढे-मागे जात सलग वार करायचा सराव) मागे जाऊन परत पुढे येताना. तुमचं सुरुवातीला झालं की शेवटी?

क्रम विचारलात म्हणून सांगतो. माझ्या सेन्सेईंनी (गुरूंनी) मला प्लास्टर असतानाच डोजोत (सरावाच्या जागी) बोलावलं. भिंतीला टेकून बसायचं आणि बघायचं. त्याला मितोरी गेइको म्हणतात, बघून केलेला सराव, आणि ते तो सराव खरंच मानतात, हजेरी लागते. दर वेळी घरी जाताना मला एकच प्रश्न, आज कोणाचा डावा पाय कसा होता? पहिले दोन आठवडे मला काहीच सांगता आलं नाही कारण मी आयुष्यभर हात बघत आलो होतो. मग हळूहळू दिसायला लागलं, याचं पाऊल बाहेर वळलंय, त्याची टाच फार उंच आहे, ही मारायच्या आधी टाच टेकवते.

मग खुर्चीत बसून शिनाई फिरवणं, मग उभं राहून जागेवरच, मग काता, म्हणजे ठरावीक वार-बचावांचा जोडीने सराव. काताला सात रूपं लांब तलवारीची, तीन आखूड तलवारीची, लाकडी बोक्तोने करायची, १९१२ पासून जवळपास तशीच चालत आलीयेत, आणि त्यात पाय आपटणं नाही, सगळं सुरीआशी म्हणजे पाऊल जमिनीला घासत नेणं. पायाच्या दुखापतीनंतर यापेक्षा चांगली गोष्ट नाही. फुमिकोमी, म्हणजे झेप घेऊन उजवा पाय आपटणं, मी तेराव्या महिन्यात केलं. तेराव्या.

---

दांडियाबाजार_आजोबा | ४ सप्टेंबर, सकाळी ६:२०

बेटा, मला हे जपानी काही कळत नाही पण वरचं वाचून राहवलं नाही. मी लहानपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात मल्लखांब करायचो. तिथले प्रो. माणिकराव आमच्या आधीच्या पिढीचे, त्यांचा हाड बसवण्यात हात कसा होता ते वडील सांगायचे. माझा खांदा निखळला होता, तेरा-चौदा वर्षांचा असेन. गुरुजींनी सांगितलं घरी बसायचं नाही, रोज यायचं. काम काय तर खांबाला एरंडेल लावायचं. दोन महिने मी रोज खांबाला एरंडेल लावलं आणि बाकीच्या पोरांच्या उड्या मोजल्या. तेव्हा राग यायचा. पण खांब कुठे जाड, कुठे निमुळता, कुठे हात सरकतो हे मला तेव्हाच समजलं, वर चढत होतो तेव्हा समजलं नव्हतं.

तिळाच्या कोमट तेलाने पोटरी हलक्या हाताने चोळत जा, खालून वर.

---

सूरसागर_८८ | ४ सप्टेंबर, सकाळी ९:०५

मला अकिलिसचा त्रास होता, धावण्यामुळे. पायरीच्या कडेवर चवड्यांवर उभं राहायचं आणि टाच हळूहळू पायरीच्या खाली सोडायची, १५-१५ चे तीन सेट, दिवसातून दोनदा, १२ आठवडे. एकदम बरं झालं. ताईंनी आजपासून चालू करावं, फिजिओला पैसे कशाला घालवायचे.

---

अलकापुरी_फिजिओ | ४ सप्टेंबर, दुपारी २:३०

सूरसागरदादा तुमचा हेतू चांगला आहे पण हे ताईंनी करू नये, निदान स्वतःच्या मनाने तर नाहीच. ती कसरत १९९८ च्या एका स्वीडिश अभ्यासामुळे प्रसिद्ध झाली, तुम्ही सांगितलेले आकडे पण बरोबर आहेत, पण ती जुन्या दुखऱ्या टेंडनसाठी आहे, जे तुटलेलं नाही त्याच्यासाठी. तुटून शिवलेल्या टेंडनचा प्रॉब्लेम वेगळा असतो, ते जुळताना लांब जुळतं. टाच पायरीखाली सोडून ताण दिला की ते आणखी लांबू शकतं, आणि एकदा लांबलं की पोटरी कितीही कमावली तरी टाच पूर्वीइतकी उंच उचलली जात नाही, दोरी सैल असेल तर कितीही ओढा, पडदा वर जात नाही तसं. आणि केंडोत तर डावी टाच उचललेलीच पाहिजे म्हणताय.

आजोबा, तेलाला आता हरकत नाही, सात महिन्यांनी हलक्या हाताने चालेल. पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी, दुखापत ताजी असताना किंवा प्लास्टर नुकतंच निघालेलं असताना पोटरी अजिबात चोळू नका, पाय बांधलेला असताना शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती असते. पोटरी सुजून गरम लागली किंवा दम लागला तर थेट हॉस्पिटल.

रावपुऱ्याची ताई, तीन गोष्टी सांगा. एका पायावर उभं राहून टाच किती वेळा उचलता येते, डावी किती उजवी किती, आणि डावी उजवीइतकीच उंच जाते का. दोन्ही पोटऱ्यांचा घेर. आणि तुटायच्या आधी महिनाभरात कुठलं अँटिबायोटिक घेतलं होतं का.

---

रावपुऱ्याची | ४ सप्टेंबर, रात्री ९:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. आजोबा, एरंडेलाचं वाचून डोळ्यात पाणी आलं, खरंच.

नागोयादादा, शेवटीच झालं. शाळेतून थेट आले होते, दिवसभर उभी, वॉर्म-अप बुडवला होता कारण उशीर झाला होता.

आत्ता भिंतीला एक बोट लावून मोजलं. उजवी २४. डावी ७, आणि सातवी तर टाच उचलली म्हणण्यापेक्षा मनात उचलली. उंची पण कमी, उजवीच्या खाली वहीचा गठ्ठा सरकेल, डावीच्या खाली एक पुस्तक. घेर शिवणाच्या टेपने घेतला, गुडघ्याच्या वाटीच्या खाली दहा सेंटिमीटरवर, अडीच सेंटिमीटरचा फरक.

अँटिबायोटिक, हो, डिसेंबरच्या शेवटी लघवीच्या इन्फेक्शनसाठी सात दिवसांचा कोर्स. जुनं प्रिस्क्रिप्शन शोधलं, लिव्होफ्लॉक्सासिन. याचा काय संबंध?

---

अलकापुरी_फिजिओ | ४ सप्टेंबर, रात्री १०:५०

संबंध असू शकतो. त्या गटातल्या गोळ्यांनी टेंडन तुटण्याचा धोका वाढतो, अमेरिकेत २००८ पासून त्यावर ठळक चौकटीतला इशारा छापतात, आणि अकिलिसलाच जास्त. साठीच्या पुढचे आणि सोबत स्टिरॉइड घेणारे यांना आणखी जास्त. तुमचं त्यामुळेच झालं असं कोणी छातीठोक सांगू शकणार नाही, दमलेला पाय, थंड स्नायू, कोटा फरशी हे सगळंच होतं. पण पुढे कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की हे आधी सांगा, आणि खेळणाऱ्या सगळ्यांनी लक्षात ठेवा की ती गोळी चालू असताना आणि नंतरही काही आठवडे उड्या नकोत.

२४ ला ७ म्हणजे तीस टक्के पण नाही. उड्या मारायला देण्याआधी आम्ही साधारण नव्वद टक्के बघतो. तुमची फिजिओ बरोबर आहे आणि सर्जनही चुकीचे नाहीत, त्यांच्यासाठी चालू करा म्हणजे चालणं-फिरणं, त्यांनी फुमिकोमी बघितलेलं नसतं. मोबाइलवर व्हिडिओ नेऊन दाखवा एकदा.

---

खंडेराव_मार्केट | ५ सप्टेंबर, सकाळी ११:४०

मी पण थोडं केंडो केलंय. एक सुचवतो, जोदान घ्या ना. तलवार डोक्यावर धरायची ती कामाए (पवित्रा), त्यात डावा पाय पुढे असतो, म्हणजे ढकलणारा पाय उजवा. दुखऱ्या पायाला आराम आणि नोव्हेंबर पण हुकणार नाही.

---

नागोया_पुणे | ५ सप्टेंबर, दुपारी १:१०

नको. मनापासून सांगतो, नको. मला पण हाच विचार आला होता आणि सेन्सेईंनी इतक्या शांतपणे नाही म्हटलं की परत विचारायची हिंमत झाली नाही. एक तर सगळा भार उजव्या अकिलिसवर जाईल आणि तो पण त्याच वयाचा, त्याच फरशीवर झिजलेला. दुसरं म्हणजे शोदानच्या (पहिल्या दानच्या) हातात जोदान शोभत नाही, समोरच्याला आपण वरून बघतोय अशी ती कामाए, ती कमवावी लागते.

ताई, निदान सोडा या वेळी. परीक्षेत दोन छोट्या लढती, मग काता, लेखी. त्या दोन लढती तुम्ही संपूर्ण डाव्या पायाकडे लक्ष ठेवून लढाल, आणि परीक्षकांना ते पहिल्या झेपेत दिसेल. वेळ तर शोदाननंतर कमीत कमी वर्ष जावं लागतं एवढीच अट आहे, जास्तीत जास्तची काही अट नाही.

---

रावपुऱ्याची | ५ सप्टेंबर, रात्री ११:३०

आज दिवसभर हेच डोक्यात होतं. वर्गात मुलांना निबंध लिहायला दिला आणि मी खिडकीशी उभी राहून टाच उचलत बसले.

एक गोष्ट कोणाला सांगितली नव्हती ती इथे लिहिते. गेल्या आठवड्यात हॉलवर नुसती बघायला गेले होते. कोणाची तरी शिनाई कोणाच्या तरी दोवर जोरात बसली, नेहमीचा आवाज, हजारदा ऐकलेला, आणि माझा हात आपोआप पोटरीवर गेला. अंगाला घाम सुटला. पंधरा मिनिटं बाहेर पार्किंगमध्ये बसून होते. पाय दुखत नव्हता हो, अजिबात नाही. म्हणजे शीर जुळलीये पण मला तिची भीती वाटते, आणि ही भीती टाच उचलून मोजता येत नाही. मी निदानसाठी घाई करतेय ती बहुतेक याच्यासाठीच, एकदा झेप घेतली की भीती संपेल असं वाटत होतं.

परीक्षेचा फॉर्म भरत नाहीये.

---

दांडियाबाजार_आजोबा | ६ सप्टेंबर, सकाळी ६:०५

शहाणी पोर. भीती जायला तोच आवाज रोज ऐकावा लागतो. रोज जाऊन बस.

---

मांडवी_गरबा | १८ सप्टेंबर, दुपारी ४:२०

थोडं अवांतर पण याच धाग्यात विचारते, माझ्या वहिनीचं पण अकिलिसचं ऑपरेशन झालंय पाच महिन्यांपूर्वी, नवरात्रीत गरबा खेळलं तर चालेल का, ती म्हणते केंडोसारखं मारामारीचं थोडीच आहे.

---

अलकापुरी_फिजिओ | १८ सप्टेंबर, रात्री ८:००

ताई गरबा सोपा नाहीये. बडोद्याचा गरबा म्हणजे मैदानात अनवाणी, दोन-तीन तास, न थांबता, आणि प्रत्येक टाळीला चवड्यावर छोटी उडी आणि गिरकी. केंडोत निदान मध्ये थांबून नमस्कार तरी करतात. पाचव्या महिन्यात अजिबात नको. आरतीला जाऊ दे, मधल्या गोलात हळू चालत टाळी देऊ दे, तेवढंच. दर वर्षी नवरात्रीत माझ्याकडे घोटा धरून येणाऱ्यांची रांग लागते.

---

रावपुऱ्याची | २६ ऑक्टोबर, रात्री १०:१०

बरेच दिवसांनी लिहितेय. नवरात्रीत मी पण फक्त टाळीच दिली, नऊ रात्रींपैकी चार रात्री.

आमच्या केंडोच्या सरांशी बोलले. ठरलं ते असं, मी प्रत्येक सरावाला येणार, मितोरी करणार, आणि सराव संपल्यावर वीस मिनिटं सर माझ्याशी काता करणार. आता काताची गंमत बघा, त्यात मोठा जो असतो तो आधी हल्ला करतो आणि हरतो, म्हणजे गुरूने हरायचं आणि शिष्याने जिंकायचं असंच ते बांधलेलं आहे. सर दर वेळी येतात, मारतात, मी बाजूला सरकते आणि त्यांना हरवते, आणि ते डोळ्यात बघत मागे जातात. मागे जायला मला अजून भीती वाटते, पुढे जायला कमी.

सोन्क्यो, म्हणजे ते चवड्यांवर उकिडवं बसून तलवार काढणं, ते सरांनी बंद करायला लावलंय, मी उभ्यानेच नमस्कार करते. आधी लाज वाटली, नंतर कळलं की गुडघे गेलेले पुष्कळ ज्येष्ठ लोक असंच करतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. सेइझात, म्हणजे गुडघे टेकून टाचांवर, बसायला उजव्या-डाव्या टाचांमध्ये टॉवेलची घडी घेते, नाहीतर व्रण चिमटल्यासारखा होतो.

फरशीचं मात्र काहीतरी करायला हवं. कोडी जोडतात तशा फोमच्या मॅट आणून बघितल्या, पाय सरकत नाही, बोटं रुततात आणि टाच अजूनच खाली जाते. काढून टाकल्या.

---

सूरसागर_८८ | २७ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

ताई आधी चुकीचा सल्ला दिला होता त्याबद्दल सॉरी. फरशीसाठी, बॅडमिंटन कोर्ट बघा ना, लाकडाचे असतात आणि खाली पोकळी असते म्हणून दाबले जातात. सकाळी सहाच्या आधीचा स्लॉट बहुतेक रिकामा असतो, आमच्या इथल्या कोर्टवाल्याला विचारून सांगतो. फक्त लाकडाची फट किंवा उचकलेली फळी आधी हात फिरवून बघा, अनवाणी आहात.

---

रावपुऱ्याची | १४ डिसेंबर, दुपारी १२:३०

सूरसागरदादा, तुमच्यामुळे मिळालं. रविवार आणि बुधवार, पहाटे साडेपाच ते सात. थंडीत ते लाकूड बर्फासारखं लागतं, पण पाय पडला की ते थोडं खाली जाऊन वर येतं, कोटा फरशीने असं कधी केलं नाही. आम्ही सगळेच आता तिथे जातो, बाकीच्यांचे पण गुडघे कमी दुखतायत.

आकडे. उजवी २५, डावी २१. घेरातला फरक सव्वा सेंटिमीटर. उंची अजून थोडी कमी आहे आणि फिजिओ म्हणते तेवढी कदाचित कायम राहील. व्हिडिओ दाखवला तिला, ती दोनदा बघून म्हणाली, अरे बापरे, आणि मग तिने मला जागेवरच्या छोट्या उड्या दिल्या, दोन्ही पायांवर.

आणि आज मेन बांधला. अकरा महिन्यांनी. डोक्याला तेनुगुई (मेनखालचं सुती फडकं) गुंडाळताना हात विसरलेत की काय वाटलं, दोनदा सुटला. दोऱ्या मागे सारख्या लांबीच्या करून बांधल्या, जाळीतून समोर बघितलं आणि सगळं परत अरुंद आणि लांबचं दिसायला लागलं, आतला तो निळीचा आणि जुन्या घामाचा वास. सर समोर उभे राहिले आणि म्हणाले झेप नाही, फक्त सुरीआशीने येऊन मेन मारायचा, मी मागे जाणार नाही. दहा वेळा केलं. पहिल्या चार वेळा टाचेकडे लक्ष होतं. पाचव्याला किआई (वाराबरोबरची आरोळी) आपोआप आली, पोटातून, इतक्या जोरात की बाजूच्या कोर्टवरच्या दोन मुलींनी खेळ थांबवून बघितलं. सहावा मेन सरांच्या डोक्यावर बसला तो आवाज मी ऐकला आणि हात पोटरीवर गेला नाही, हे मला घरी येताना कालाघोड्याच्या सिग्नलला लक्षात आलं.

दहा झाल्यावर मी म्हटलं अजून पाच. सर म्हणाले, नाही.

---

नागोया_पुणे | १४ डिसेंबर, दुपारी १२:५०

वाचून अंगावर काटा आला ताई. ते नाही म्हणणारे सर जपा. फुमिकोमी लवकर मागू नका, ते स्वतःहून देतील. पुण्याला आलात तर कळवा, आपण काता करू, मी हरेन.

---

दांडियाबाजार_आजोबा | १४ डिसेंबर, संध्याकाळी ५:१५

बेटा मला एकदा पहाटे बघायला यायचंय. मी बाकावर बसेन, कोणाला त्रास देणार नाही.

---

रावपुऱ्याची | १४ डिसेंबर, रात्री ९:००

आजोबा नक्की या, बुधवारी मीच स्कूटरवर घ्यायला येते, दांडिया बाजारात कुठे उभी राहू ते व्यनि करा. स्वेटर आणि कानटोपी घाला.

अजून एक, माझ्या उजव्या कोत्याचं तळव्याचं कातडं बोटाशी फाटलंय, मऊ हरणाचं असतं ते, जपानहून मागवलं तर फार महाग पडतं. मंगळबाजार किंवा मांडवीकडे कोणी चामड्याचं बारीक काम करणारा माहितीये का, आतून ठिगळ लावून, शिवण तळहाताला टोचणार नाही असं?

---

मांडवी_गरबा | १५ डिसेंबर, सकाळी १०:२०

आमच्या गल्लीत एक काका आहेत, ढोलकाचं आणि तबल्याचं चामडं चढवतात, बारीक हात आहे त्यांचा. दुपारी चारनंतर असतात. मोज्याचा फोटो पाठवा, विचारून सांगते. आणि वहिनी ऐकली, नवरात्रीत फक्त आरतीला आली.